मालिकेला शेवट हवा



आज टीव्हीवर लिहितेय म्हणून दचकू नका. "टीव्ही बंद करा आणि स्वाध्यायाला बसा" असं सांगणारा हा लेख नाही. ते सांगायला आपल्याकडे वडीलधारी मंडळी भरपूर आहेत, आणि दशलक्षण पर्वात बऱ्याच घरांत टीव्ही खरोखरच बंद असतो. माझं म्हणणं वर्षाच्या उरलेल्या दिवसांबद्दल आहे.

आपल्या घरांची संध्याकाळ जरा वेगळी असते. सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकायची, त्यामुळे शेजारणीचा कुकर लागतो तेव्हा आपला ओटा पुसून झालेला असतो. दिवाळीनंतर तर साडेसहालाच स्वयंपाकघराचा दिवा बंद. मग झोपेपर्यंतचे तीन तास मोकळे, आणि नेमकी हीच वाहिन्यांची मोठ्या मालिकांची वेळ. त्यामुळे आपण त्यांच्या अगदी हक्काच्या प्रेक्षक. आमच्या घरी सासूबाई, मी आणि आठवीतली लेक, तिघी एका सोफ्यावर असतो. हे दुकानातून आले की चौथे.

मी दुकानदाराची मुलगी आणि दुकानदाराचीच बायको, म्हणून आधी हिशेब मांडते. रोजची एक मालिका जाहिरातींसकट अर्धा तास. आठवड्याचे सहा दिवस धरले तर वर्षाचे साधारण ३०० भाग, म्हणजे १५० तास. घरात अशा तीन मालिका चालू असतील तर ४५० तास. दिवस-रात्र मोजले तर जवळजवळ एकोणीस दिवस! एवढा वेळ आपण एखाद्या गोष्टीला देतो तर ती गोष्ट आपल्याला काय देते, हे विचारायला काय हरकत आहे?

माझं मत थोडक्यात असं की मालिका बघावी, पण शेवट असलेली बघावी. लिहिणाऱ्याला पहिल्या भागालाच माहीत असावं की आपण कुठं जाऊन थांबणार आहोत.

कारण साधं आहे. केलेल्या कर्माचं फळ मिळतं, हे आपण लहानपणापासून पाठशाळेत ऐकत आलो. पण गोष्टीत फळ दाखवायचं तर गोष्ट कुठंतरी पूर्ण व्हावी लागते. न संपणाऱ्या मालिकेत जावेच्या दुधात काहीतरी मिसळणारी बाई पुढच्या महिन्यात त्याच स्वयंपाकघरात पुरणपोळ्या लाटत असते. तिला पकडलं तर मालिका थांबेल, म्हणून ती पकडली जात नाही. मेलेला परत येतो, कारण त्याची लोकप्रियता टिकून असते. वर्षानुवर्षं असं बघितलं की वागण्याचा आणि परिणामाचा काही संबंध असतो, हेच मनातून पुसट होत जातं. माझी मोठी तक्रार कपड्यांबद्दल, दागिन्यांबद्दल किंवा सासू-सुनेच्या भांडणाबद्दल नाहीच. ती या पुसट होण्याबद्दल आहे. सोफ्यावर आठवीतली मुलगी बसलेली आहे हे लक्षात घेतलं तर ही तक्रार लहान नाही.

मालिका का संपत नाहीत, हेही समजून घ्यायला हवं. सेट एकदा उभा राहिला, कलाकार ठरले, प्रेक्षकांना वेळेची सवय झाली की चालू मालिका पुढं ओढणं हे नवी सुरू करण्यापेक्षा कमी जोखमीचं असतं. दर आठवड्याला प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात. आकडे चांगले तर गोष्ट वाढते, घसरले तर गुंडाळली जाते. दोन्ही वेळा निर्णय आकड्यांचा असतो. हिंदीत २००० साली सुरू झालेली 'क्योंकि सास भी कभी बहू थी' २००८ पर्यंत चालली आणि तिचे १८०० च्या वर भाग झाले. आपल्या करवीर तालुक्यातल्या वसगडे गावात चित्रीकरण झालेली 'तुझ्यात जीव रंगला' २०१६ मध्ये सुरू झाली आणि २०२१ च्या सुरुवातीला संपली. भाग हजाराच्या वर. राणादा आणि पाठकबाईंवर आपण मनापासून प्रेम केलं. आपली रांगडी बोली रोज टीव्हीवर ऐकू येते म्हणून कोण हरखून गेलो होतो! वाडा बघायला लोक लांबलांबून वसगड्याला यायचे. पण आज विचारलं तर पहिले सहा महिने सगळ्यांना आठवतात आणि पुढची वर्षं एकमेकांत मिसळून जातात. एवढी चांगली सुरुवात असलेली गोष्ट दोनशे भागांत संपली असती तर ती पूर्ण आठवली असती, असं मला वाटतं.

आणि हे कोल्हापुरात बसून म्हणायला मला संकोच वाटत नाही. गोष्ट आटोपशीर सांगण्याची कला याच गावानं दाखवली आहे. बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये 'सावकारी पाश' हा मूकपट केला. कर्जापायी जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची ती कहाणी एका खेळात संपायची. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये इथंच सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली.

आता जरा जगात फिरून येऊ. आपल्या देशातली पहिली लोकप्रिय कौटुंबिक मालिका 'हम लोग'. तिचं बीज कुठून आलं माहीत आहे? थेट पेरू आणि मेक्सिकोहून, आणि तेही एका मराठी माणसामार्फत.

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात १९६९ मध्ये 'सिम्प्लेमेंते मारिया' नावाची मालिका सुरू झाली. खेड्यातून शहरात धुण्याभांड्याला आलेली मारिया शिवण शिकते आणि पुढं कपड्यांची मोठी रचनाकार होते, अशी ती कथा. ती बघून बायका शिवणवर्गाला जायला लागल्या, शिलाई मशीनचा खप वाढला. मारियाच्या लग्नाचं चित्रीकरण होतं तेव्हा लिमा शहरात हजारो लोक जमले होते, आपल्या वसगड्याच्या गर्दीसारखेच म्हणा ना! मेक्सिकोच्या मिगेल साबिदो यांनी हे लक्षात घेतलं आणि ठरवून लोकशिक्षणाच्या मालिका केल्या. प्रौढ साक्षरतेवरची 'वेन कोन्मिगो' १९७५ मध्ये आली आणि साक्षरता वर्गात नाव घालणाऱ्यांची संख्या खूप वाढली. आपले तेव्हाचे माहिती आणि नभोवाणी मंत्री वसंत साठे १९८२ मध्ये मेक्सिकोला गेले आणि ही कल्पना घेऊन परतले. मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली 'हम लोग' ७ जुलै १९८४ ला सुरू झाली. दीडशेच्या वर भाग झाले आणि १९८५ च्या डिसेंबरात ती संपली. बसेसर राम, बडकी, मझली, लल्लू, नन्हे ही नावं माझ्या सासूबाईंना अजून पाठ आहेत. दर भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन त्या दिवशीच्या गोष्टीबद्दल दोन शब्द बोलायचे, हेही त्यांना आठवतं. सतरा महिने चाललेली गोष्ट इतकी वर्षं लक्षात राहते, याला काहीतरी कारण असेल की नाही?

दुसरं उदाहरण जपानचं. तिथं सार्वजनिक प्रसारण वाहिनीवर, म्हणजे एनएचकेवर, १९६१ पासून सकाळची मालिका असते. भाग फक्त १५ मिनिटांचा. चहा-नाश्त्याच्या वेळी बघायची आणि कामाला लागायचं. बहुतेक मालिका सहा महिन्यांत संपते आणि दुसरी सुरू होते. १९८३-८४ मधली 'ओशिन' मात्र वर्षभर चालली. सुगाको हाशिदा या लेखिकेनं लिहिलेली, एकूण २९७ भागांची. पुढं ती साठहून जास्त देशांत दाखवली गेली, पण आपल्याकडे तिचं नाव फार थोड्यांना माहीत आहे. मला तिचे सगळे भाग मिळाले नाहीत, मिळाले तेवढे बघितले.

ओशिन सात वर्षांची असताना एका पोत्याभर तांदळाच्या बदल्यात तिला लाकडाच्या व्यापाऱ्याकडे वर्षभर कामाला पाठवतात. बर्फ पडत असतो, पोर तराफ्यावर बसून नदीतून निघते आणि काठावर आईबाप. हा प्रसंग बघताना आमच्या घरात कुणी बोललं नाही. पण मला त्याहून भिडली ती या मालिकेची बांधणी. गोष्ट सुरू होते तेव्हा ओशिन ८३ वर्षांची आहे. घरच्यांच्या दुकानांची साखळी झाली आहे, आणखी एक मोठं दुकान उघडायचं आहे. त्या दुकानामुळं अशा एका कुटुंबाचा धंदा बसणार आहे ज्यांचे ओशिनवर उपकार आहेत. उद्घाटनाच्या दिवशीच म्हातारी घरातून निघून जाते. नातू तिला शोधत येतो आणि तिथून ती आपलं आयुष्य मागं जाऊन तपासायला लागते. मुलांना धंदा शिकवला, पण काही शिकवायचं राहून गेलं का? मैत्रिणींनो, आपण याला प्रतिक्रमण म्हणतो. त्या बाईनं तो शब्द कधी ऐकला नसेल. आपण बहुतेक जणी दुकानदारांच्या घरातल्या, परिग्रहाची मर्यादा यावर दर वर्षी प्रवचन ऐकणाऱ्या. हा विषय इतक्या नेमकेपणानं मांडलेली दुसरी मालिका मी बघितली नाही.

तिसरी मालिका शेजारच्या देशातली. २०१४ मध्ये 'जिंदगी' वाहिनी सुरू झाली आणि तिच्यावर पाकिस्तानी मालिका यायला लागल्या. 'जिंदगी गुलजार है' फक्त २६ भागांची. उमेरा अहमद यांनी लिहिलेली, सुलताना सिद्दीकी यांनी दिग्दर्शित केलेली. तिन्ही मुलीच झाल्या म्हणून नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. शिक्षिका असलेली आई हिमतीनं तिघींना शिकवते. थोरली कशफ कडवट झाली आहे आणि तो कडवटपणा हळूहळू कसा सुटतो, ही गोष्ट. सासूबाईंना अर्धे शब्द कळायचे नाहीत, तरी रोज वेळेवर बसायच्या. एकदा म्हणाल्या, "अगं, हे तर आपल्या गल्लीतलंच आहे की!" पुढं २०१६ मध्ये त्या मालिका वाहिनीवरून बंद झाल्या. राजकारणात मी पडत नाही. एवढंच म्हणेन की मुलगी झाली म्हणून तोंड पाडणारी माणसं सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत, हे त्या २६ भागांनी आमच्या घरात सगळ्यांना दाखवलं.

चौथी कोरियाची, 'रिप्लाय १९८८'. २० भाग, पण एकेक भाग चांगला दीड तासाचा. सोल शहरातल्या एका गल्लीत राहणारी पाच कुटुंबं. पहिल्याच भागात संध्याकाळी आया मुलांच्या हातात भांडी देऊन शेजारी पाठवतात आणि त्या भांड्यातून शेजाऱ्यांचा पदार्थ परत येतो. वाटी रिकामी परत द्यायची नाही, हे आपल्या पेठांतल्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही! लेक इंग्रजीतली वाक्यं वाचून आजीला मराठीत सांगायची. शेवटी सगळे एकेक करून ती गल्ली सोडून जातात आणि जुनी घरं पाडायची वेळ येते. आपल्याकडे वाडे पाडून अपार्टमेंट होताना बघणाऱ्या कुणालाही तो शेवट टोचेल.

इथं एक अडचण सांगितली पाहिजे. त्या गल्लीत मांस शिजतं, दारू प्यायली जाते. आपल्या घरात मुलांसमोर हे कसं चालेल, असं एका मैत्रिणीनं विचारलं आणि तिचा प्रश्न योग्य आहे. ज्यांना नको वाटतं त्यांनी बघू नये, ओशिन किंवा कशफ बघावी. आमच्याकडे मी लेकीला सरळ सांगितलं की त्यांचं खाणं त्यांचं, आपला नियम आपला, आणि माणसाची माया ताटावरून मोजायची नाही. शाळेत डब्याला बसताना तिला हेच रोज लागतं. त्यापेक्षा स्वतःच्या सख्ख्या बहिणीचा संसार मोडायला निघालेली शुद्ध शाकाहारी नायिका मला जास्त घातक वाटते.

आता पुन्हा हिशेब. 'जिंदगी गुलजार है' साधारण १७ तास, 'रिप्लाय १९८८' ३० तास, 'ओशिन' पूर्ण मिळाली तर ७५ तास. तिन्ही मिळून १२० तासांच्या आसपास. आपली रोजची एक मालिका एका वर्षात यापेक्षा जास्त वेळ घेते.

"परदेशाचं कौतुक पुरे, मराठीत काय कमी आहे?" असं कुणी म्हणेल. मराठीत कमी काहीच नव्हतं! दूरदर्शनच्या काळात तेरा भागांचा हिशेब असायचा. मुंबई दूरदर्शनवर चिं. वि. जोशींच्या कथांवरची 'चिमणराव' आली, दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. ती जोडी लोक अजून विसरले नाहीत. १९९९ मध्ये प्रतिमा कुलकर्णी यांची 'प्रपंच' आली. एकत्र कुटुंब, पण कुणीही खलनायक नाही. अडचणी पैशाच्या, जागेच्या, स्वभावाच्या, म्हणजे आपल्याच घरातल्या. २०१७ मध्ये झी युवावर मुक्ता बर्वेची 'रुद्रम' आली. तिच्या गोष्टीचा धागा पहिल्यापासून ठरलेला होता आणि काही महिन्यांत ती संपली. म्हणजे जमतं. करायची इच्छा लागते.

माझ्या या मतावर सगळ्यात जड आक्षेप सासूबाईंचाच होता. कशफची गोष्ट संपली त्या रात्री त्या म्हणाल्या, "संपलं की घर रिकामं वाटतं गं. ती चालूच असलेली बरी, रोज येतात तरी." सासरे गेल्यापासून संध्याकाळ त्यांना खायला उठते, हे मला माहीत आहे. मुलं परगावी, हातपाय दुखतात, देवळापर्यंत जाणं होत नाही, अशा किती तरी घरांत रोज ठरल्या वेळी येणारी मालिकेतली माणसं ही खरीखुरी सोबत असते. त्यांच्या हातातून रिमोट काढून घेऊन ज्ञान शिकवणं मला तरी पटत नाही. पण मी एक बघितलं. न संपणारी मालिका चालू असताना आमच्या घरात बोलणं होत नाही, फक्त "काय झालं गं काल?" एवढंच. गोष्ट संपली की मात्र चार दिवस चर्चा चालते. कशफनं नवऱ्यावर विश्वास ठेवायला इतका वेळ का लावला, यावर सासूबाई आणि लेक जेवताना भांडल्या होत्या! त्या चार दिवसांत घर रिकामं नव्हतं. माणसांना सोबत माणसांची हवी असते, आणि संपलेल्या गोष्टीवर बोलायला शेजारी कुणीतरी बसावं लागतं. तेवढं बसणं आपल्याकडून व्हायला हवं.

रत्नकरंड श्रावकाचारात भोगोपभोगाच्या मर्यादेचे दोन प्रकार सांगितले आहेत. जन्मभरासाठी घेतला तो यम आणि ठरावीक मुदतीसाठी घेतला तो नियम. आपल्यासारख्या संसारी बायकांना नियमच झेपतो. मग टीव्हीलाही नियम लावून बघा. आमच्याकडे असा आहे:

एका वेळी घरात एकच मालिका. सुरू करण्याआधी तिचे भाग किती ते बघायचं.

दिवसाला एक भाग. पुढचा भाग आपोआप सुरू व्हायच्या आत उठायचं.

एकटीनं नाही, सगळ्यांनी मिळून. ज्यांना भाषा येत नाही त्यांना घरातल्या मुलांनी सांगायचं. मुलांचं मराठीही सुधारतं.

मुलांसोबत बघायची असेल तर पहिले दोन भाग मोठ्यांनी आधी बघायचे.

संपल्यावर आठवडाभर नवी लावायची नाही. बोलायचं.

आणि थोडं आपल्या मराठी वाहिन्यांना. शंभर भागांची, ठरलेल्या शेवटाची मालिका पहिल्याच दिवशी तसं जाहीर करून दाखवा. आम्ही बघू. कोरियन आणि तुर्की मालिका हिंदीत मिळायला लागल्या, त्या चांगल्या मराठीत आणा, म्हणजे माझ्या सासूबाईंना दुभाष्याची गरज पडणार नाही. प्रसार भारतीनं जुन्या कार्यक्रमांतले काही यूट्यूबवर आणले आहेत, त्यात मराठी मालिकांची भर पडू दे. पत्र लिहायला, संदेश पाठवायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही. 'हम लोग'च्या वेळी लोकांनी लाखो पत्रं लिहिली होती.

तुमच्या घरी सध्या काय चालू आहे आणि त्याचे भाग किती झाले, जरा मोजून बघा. शेवट असलेली एखादी चांगली मालिका तुम्हाला ठाऊक असेल तर नक्की कळवा. आमची सध्याची मालिका पुढच्या गुरुवारी संपतेय आणि सासूबाई आत्तापासून विचारायला लागल्या आहेत, "आता पुढची कुठली?"